रंग उतरवायचा राहिला

माझ्या नवऱ्यानं मला बावीस वर्षांत चार हजार वेळा तरी थोबाडीत मारली असेल, आणि एकदाही त्याचा हात माझ्या गालाला लागला नाही. केस धरून फरफटवलं, पोटात लाथा घातल्या, गळा दाबला, विहिरीत ढकललं. अंगावर साधा ओरखडा नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तो खलनायक आणि मी त्याच्या हातून मरणारी बाई, अशी आमची जोडी होती. वडशापासून सिंदेवाहीपर्यंत लोक त्याला शिव्या घालायचे आणि मला चोळीचा खण द्यायचे. त्याचं नाव डोमाजी ठेंगरी. माझं पुस्तकला. हे नाव आजीनं ठेवलं, तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं म्हणून.

स्टेजवरच्या मारामारीचा पहिला नियम असा की मार खाणारा मार चालवतो. त्यानं केस धरले की मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडायचं आणि कुठं फरफटत जायचं ते मीच ठरवायचं. थोबाडीत बसली की मान मी वळवायची आणि कमरेमागे टाळीही मीच वाजवायची. ती टाळी शेवटच्या रांगेपर्यंत जाते. खऱ्या माराचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही. कणकेच्या गोळ्यावर मूठ मारावी तसा भद्द आवाज येतो, बस.

दुसरा नियम आमच्या कंपनीचा होता, दुसऱ्या कुठल्या कंपनीत तो मी पाहिला नाही. ज्यानं मार खाल्ला त्यानंच मारणाऱ्याचा रंग उतरवायचा. खोबरेल तेल आणि जुनं लुगडं घेऊन मी डोमासमोर बसायची, त्याचं तोंड पुसायची आणि त्याला घरच्या नावानं हाक मारून विचारायची, "डोमा, काय उरलं?" एरवी मी नवऱ्याला नावानं, एकेरीत हाक मारली असती तर सासूनं चिमटाच फेकून मारला असता. पण रंग उतरवताना मुभा होती. त्यानं खरं सांगायचं. "आज तू एन्ट्री चुकवली, मले खरा राग आला." मग मी कबूल व्हायची किंवा भांडायची. शेवटी तो "उतरलं" म्हणायचा आणि मी त्याला जेवायला वाढायची. "उतरलं" म्हटल्याशिवाय ताट मिळत नसे.

हे मी इतकं खुलासेवार सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते या तेलाच्या बाटलीपायी झालं.

दोन हजार त्रेचाळीसमध्ये आमचे गुडघे गेले आणि नागपूरबाहेरच्या एका संस्थेनं आम्हाला बोलावलं. मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मुलामुलींना तिथं दोन वर्षं शिकवत. प्रमुख होते डॉक्टर सुमेध निखाते. सरळ माणूस, सदा घाईत.

"ठेंगरी मॅडम, रुग्ण अंगावर फार क्वचित येतो," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "येतो तेव्हा तो घाबरलेला असतो. आणि समोरचं पोरगं घाबरलं की तो अजून घाबरतो. पुस्तक वाचून ही भीती जात नाही. तुम्ही नाटक करा, पोरांना त्यात ओढा."

आम्ही नाटक केलं. खोलीत खाट, टेबल, पाण्याचा जग. डोमा रुग्ण, मी वॉर्डातली थोरली सिस्टर. मी आधी मुद्दाम चुकीचं वागायचं, म्हणजे आवाज चढवायचा, अंगावर जायचं, आणि डोमा भडकला की एका विद्यार्थ्यानं पुढं येऊन त्याला शांत करायचं. पहिला महिना पोरं हसत होती. डोमानं डोळे वटारले की टाळ्या पडत. बावीस वर्षं लोकांना रडवलेल्या माणसाला हे फार लागलं.

मग निखाते सरांनी ती पट्टी आणली.

कपाळावर बांधायची, दोन बोटं रुंद. तिचं शास्त्र त्यांनी आम्हाला खडूनं फळ्यावर काढून दाखवलं. मेंदूत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते. धोका दिसला की माणसाला कळायच्या आधी ती शरीराला उठवते. छाती धडधडते, मुठी आवळतात, श्वास वर चढतो. पट्टीतून कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी दोन्ही कानशिलांतून आत जातात आणि नेमक्या त्या गाठीवर एकत्र येतात, भिंगानं ऊन एका ठिकाणी गोळा करावं तशा. कुठल्या तालावर? तर एखाद्या रुग्णाच्या संमतीनं त्याच्या त्या अवस्थेतली नाडी, श्वास, स्नायू, मेंदूतले तरंग सगळं नोंदून ठेवलेलं असतं. त्या नोंदीला ते ठसा म्हणत. ठसा चालू केला की नटाच्या अंगात खराखुरा क्रोध उभा राहतो. आणि 'शून्य' दाबलं की चाळीस सेकंदांत नाडी ठिकाणावर.

"म्हणजे त्या रुग्णाचे विचार माह्या डोक्यात येतीन का जी?" डोमानं विचारलं.

"विचार नाही. फक्त शरीराची अवस्था. ठशात विचार नसतातच."

"मंग राग कोणावर करायचा, हे कोण ठरवते?"

"ते मेंदू बघून घेतो," सर हसून म्हणाले आणि घड्याळाकडं पाहिलं.

पहिला ठसा चालू झाला आणि पोरांचं हसू घशातच राहिलं. डोमाच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या. मी नेहमीसारखी "चला, गोळी घ्या" म्हणत पुढं गेले, तर त्यानं पाण्याचा जग भिंतीवर असा हाणला की एक काच माझ्या भुवईत घुसली. भंडाऱ्याचा एक दणकट पोरगा त्याला धरायला धावला. डोमानं त्याच्या नाकावर डोकं आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, रक्त त्याच्या पांढऱ्या कोटावरून जमिनीवर सांडलं. दुसऱ्याला स्टूल लागलं. बाकीची पोरं भिंतीला चिकटली.

पुढं आली ती तारका नैताम. एटापल्लीकडची मुलगी, वर्गात तोंड उघडायची नाही. ती डोमापासून दोन हात लांब चक्क जमिनीवर बसली. तळवे उघडे ठेवले आणि हळूच म्हणाली, "भाऊ, पाणी पायजे का जी?"

डोमानं उचललेलं स्टूल तसंच राहिलं. मग हळूहळू खाली आलं. सरांनी शून्य दाबलं. डोमा घाम पुसत हसला, नाक मोडलेल्या पोराची शंभरदा माफी मागितली आणि मला म्हणाला, "बाप्पा! बावीस वर्षं मी उगाच ॲक्टिंग करत होतो."

संस्थेचं नाव झालं. नंतरच्या प्रयोगांत कोणाचं नाक मोडलं नाही. सगळ्यांना गाद्यांचे कोट दिले, तारकाची बसायची पद्धत शिकवली. पोरं खरंच तयार होत होती. वॉर्डांतून निरोप यायचे की आता रुग्णांना बांधून ठेवावं लागत नाही. दिवसाला दोन प्रयोग होते, त्यांचे तीन झाले. तिसऱ्यासाठी वेळ कुठून काढायचा? मीच काढला. रोज प्रयोगानंतर अर्धा तास मी तेल घेऊन डोमाचं तोंड पुसत असे. मीच म्हटलं, "रंगच नाई लावत तं उतरवाचं काय? मशीन करते ना शून्य."

हे माझे शब्द. कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

चार महिने गेले. डोमा घरी शांत होता, जरा जास्तच शांत. जेवता जेवता मधेच काहीतरी काढायचा. "देसाईगंजले तू माह्या आधी चहा घेतला होता." मी म्हणायची, "असन बा." दुसऱ्या दिवशी, "तू माह्या भाच्याच्या लग्नात हसली नाई." पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गोष्टी! म्हातारपण आलं, असं म्हणून मी सोडून देत होते. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, याची भीती वाटायला हवी होती. तो फक्त नोंद वाचल्यासारखा बोलायचा.

रविवारी दुपारी मी लाखोळीची डाळ घोटत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. डोक्यावर पट्टी नव्हती. पट्ट्या संस्थेच्या कपाटात असत.

"फोन कोणी घेतला होता?"

"कोणता फोन?"

त्यानं मला मारलं. थोबाडीत नाही, मुठीनं, जबड्यावर. मी चुलीच्या ओट्यावर आदळले, डाळ अंगावर सांडली, हात भाजला. दुसरी मूठ कानावर बसली. आवाज भद्द आला. तोंडातून काहीतरी टणक घरंगळलं, तो माझा दात होता. मी खाली पडले आणि वर पाहिलं तर तो स्वतःच्या मुठीकडं बघत होता, चेहरा अगदी गोंधळलेला.

"टाळी काहून नाई वाजवली तू?" तो म्हणाला.

खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या जबड्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं आयुष्य त्या हातावर उभं होतं. डोळे मिटून मी त्या हाताखाली मान द्यायची, कारण तो हात थांबणार हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. तो विश्वास गेला. दात गेला याचं काय एवढं.

आता कोणीही शहाणी बाई डॉक्टरकडं गेली असती. मी नटी. सोमवारी पोरांची परीक्षा होती, अठराच्या अठरा पोरांची. मी जबड्यावर जाड थर लावला, काळं-निळं झाकलं, ओठाला लाली लावली आणि गेले. प्रयोग थांबवायचा नाही, हे आमच्या रक्तातच भिनलेलं. डोमा रात्रभर माझ्या पायाशी बसून रडला होता. शपथ घेतली होती. मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं नाही. मी प्रयोगावर विश्वास ठेवला.

परीक्षा सुरू झाली. निखाते सर काचेपलीकडं बसले होते. पोरं वह्या घेऊन भिंतीशी. डोमाच्या कपाळावर पट्टी होती, पण तिचा हिरवा दिवा अजून लागलेला नव्हता. सरांनी ठसा चालूच केला नव्हता.

डोमानं माझे केस धरले.

सवयीनं माझे दोन्ही हात त्याच्या मनगटावर गेले, पण मूठ खरी आवळलेली होती. मार मी चालवत नव्हते. त्यानं माझं डोकं खाटेच्या लोखंडी काठावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. डोळ्यांत रक्त उतरलं. मी हात मधे घातला तर त्यानं तो पाठीमागं पिरगाळला आणि कोपराखाली हाड तुटलं. मी ओरडले. आणि काय ऐकू आलं? पानं उलटल्याचा आवाज. पोरं लिहून घेत होती! कोणीतरी शेजारणीला कुजबुजलं, "मॅडम किती खरं करतात ना." सरांना वाटलं आमचा हा नवा प्रवेश. दोष त्यांचा नाही. इतकी वर्षं लोकांना खोटं मरण खरं वाटावं म्हणून आम्हीच घाम गाळला होता.

"टाळी नाई वाजली," तारका म्हणाली.

मी एकदाच, पहिल्या महिन्यात, वर्गात आमचे दोन्ही नियम सांगितले होते, टाळीचा आणि तेलाचा. सगळे हसले होते. तिनं लक्षात ठेवले.

"खरं होऊन राह्यलं! सर, घंटी दाबा!" ती ओरडली आणि धावत येऊन आमच्याजवळ जमिनीवर बसली. डोमानं तिच्या बरगडीत लाथ घातली. ती आडवी झाली, उठली, पुन्हा तशीच बसली, तळवे उघडे. भंडाऱ्याचा पोरगा धावून येत होता, त्याला तिनं हातानंच थांबवलं. डोमाचे दोन्ही अंगठे आता माझ्या गळ्यावर होते. खोली काळी पडायला लागली.

"डोमा," ती म्हणाली. वीस वर्षांची पोर, बापाच्या वयाच्या माणसाला एकेरीत, घरच्या नावानं. "डोमा, काय उरलं?"

अंगठे ढिले पडले.

"माय," तो म्हणाला. मग लहान मुलासारखा हुंदका आला. "माय जळून राह्यली होती, अना माह्या तोंडावर रंग होता."

तेव्हा मला तो फोन आठवला.

चौदा वर्षांपूर्वी ब्रम्हपुरीजवळच्या एका गावात आमचा प्रयोग होता. पहिल्या अंकानंतर फोन आला. मी घेतला. सासू गेली होती. पुढं चार हजार माणसं बसली होती आणि तीन अंक बाकी होते. मी डोमाला सांगितलं नाही. तीन अंक मी त्याच्या हातून मार खाल्ला, शेवटी त्याच्या हातून मेले, पडदा पडला आणि मग सांगितलं. तो तसाच गाडीत बसला. चितेला अग्नी देताना त्याच्या गालांवर खलनायकाचा लाल-काळा रंग होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. गावातल्या बाया तोंड फिरवत होत्या. त्या दिवशी तेलाची बाटली कोणाला आठवणार? ते एक उरलं, तसंच राहिलं. पुढच्या प्रयोगांना तो "काही नाही" म्हणत राहिला आणि मी ताट वाढत राहिले.

हात प्लास्टरमध्ये घालून मी पडले होते तेव्हा निखाते सर खाटेशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, चूक माझी. शरीर पेटलं की मेंदूला कारण लागतं. आपण का चिडलो, हे तो शोधतोच. ठशात विचार नव्हते, म्हणून तो ठेंगरींच्या स्वतःच्या आयुष्यातून कारणं काढत होता. आणि समोर प्रत्येक वेळी तुम्ही उभ्या होत्या. शून्य दाबल्यावर राग विझायचा. कारण विझत नव्हतं. रोज तीन कारणं, तुमच्या विरुद्ध. तीनशेच्या वर प्रयोग झाले."

"खोटी कारणं?"

"बहुतेक खोटी, क्षुल्लक. पण एखादं खरं असलं तर बाकीची सगळी त्याला जाऊन चिकटतात."

त्यांनी सगळ्या पट्ट्या कपाटात बंद केल्या आणि वरती लेखी कळवलं. डोमाला संस्थेच्याच वॉर्डात ठेवलं. परीक्षा नंतर पुन्हा घेतली, तारका धरून अठरापैकी सतरा पोरं पास झाली. तारका बरगड्यांना पट्टा बांधून त्याच वॉर्डात कामाला लागली.

माझं प्लास्टर निघालं त्या दिवसापासून मी रोज दुपारी तेल घेऊन त्याच्याकडं जायला लागले. तारका दाराशी उभी राहायची. तशी अट होती. मी त्याचं कोरं तोंड पुसायची आणि विचारायची, "डोमा, काय उरलं?" तो सांगायचा. चहा, भाच्याचं लग्न, चुकलेल्या एन्ट्र्या, कधी न घडलेल्या गोष्टी. मी ऐकायची. जी खोटी होती ती तो बोलता बोलताच सोडून द्यायचा. फोनचं सांगायला त्याला तीन आठवडे लागले. सांगून झाल्यावर मी त्याचे पाय धरले आणि म्हटलं, "चुकलं माझं." तो खूप वेळ रडला.

दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा मोकळा होता, जुना. मी तेल लावलं, विचारलं. तो म्हणाला, "उतरलं." मग हसला. आणि बावीस वर्षांच्या सवयीनं मांडी घालून बसत म्हणाला, "वाढ आता."

मी त्याला मारलं.

माझा हात कधी उठला मला कळलं नाही. माझ्या कपाळावर कुठलीही पट्टी नव्हती. मूठ त्याच्या तोंडावर बसली, ओठ फाटला. त्याला मान वळवायची कला येत होती, माझ्याइतकीच येत होती. त्यानं वळवली नाही. मी पुन्हा मारलं, डोळ्यावर. मग तेलाची बाटली उचलून त्याच्या खांद्यावर फोडली. तेल आणि रक्त त्याच्या सदऱ्यावरून ओघळत होतं आणि मी मारतच होते, नुकत्याच जुळलेल्या हातानं. टाळी कोणी वाजवत नव्हतं. खोलीत नुसता भद्द, भद्द आवाज.

पाठीमागं कोणीतरी जमिनीवर बसल्याची चाहूल लागली.

"पुस्तकला," तारका म्हणाली.

माझी मूठ हवेत थांबली. मी वळले. ती दोन हात लांब बसली होती, तळवे उघडे. डोमा भिंतीला टेकला होता, एक डोळा मिटला होता, दुसऱ्यानं माझ्याकडं बघत होता. "तुले कोणी इचारलंच नाई, नाई का," तो फुटक्या ओठांनी म्हणाला. "मलेबी नाई सुचलं."

तारकानं फुटलेल्या बाटलीच्या बुडात राहिलेलं तेल जपून घेतलं. मला हाताला धरून खाली बसवलं. माझ्या तोंडावर रंग नव्हता, घाम होता आणि त्याच्या रक्ताचे शिंतोडे होते. ते तिनं कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पुसले, जबड्यावर, जिथं दात गेला होता, तिथं जरा जास्त वेळ.

"पुस्तकला, काय उरलं?"

मी तोंड उघडलं. मग मी त्या फोनपासून सुरुवात केली. तीन अंक ती बातमी पोटात घेऊन मी कशी मेले, ते सांगायला लागले.